कोकरांच्या खुराकात तेल घालावे काय?

मंडळी, बकरी-ईद तीन-चार महिन्यांवर आली की मुंबईच्या उपनगरांत घरोघर दावणीला बोकड आणि मेंढे दिसू लागतात. घाटकोपरच्या डोंगरावरची वस्ती घ्या, अंधेरीची चाळ घ्या, बोरिवलीकडचा पाडा घ्या. कोणी जिन्याखाली बांधतो, कोणी पडवीत, कोणी पत्र्याच्या शेडमध्ये. आमच्या मुलुंडलाही तेच. लहान असताना स्वस्तात घ्यायचे, तीन-चार महिने चांगले खाऊ घालायचे, आणि सणाच्या तोंडावर विकायचे. काही जण घरच्याच कुर्बानीसाठी पाळतात. पाड्यावरच्या बायाबापड्या वर्षभर शेळ्या पाळतात, त्या याच दिवसांसाठी बोकड राखून ठेवतात.

जनावर दावणीला आले की सल्ला देणारे जमतात. एक म्हणतो, "तेल पाजा, अंग चकाकेल." दुसरा म्हणतो, "डालडा चारा, चरबी धरेल." तिसरा म्हणतो, "हे काही नको, नुसता मका घाला." ऐकणाऱ्याने करावे काय? एका बोकडात सात-आठ हजारांपासून पुढे रक्कम अडकलेली असते. बहुधा ती बचत गटातून काढलेली असते, नाहीतर उसनी. जनावर आठ दिवस आजारी पडले तर नफा गेला. मेले तर मुद्दलही गेले.

म्हणून या पाठात आपण एकच प्रश्न पाहू. कोकराच्या, करडाच्या खुराकात तेल घालावे काय? घालावे तर किती? पाठ जरा लांब आहे. एका बैठकीत झाला नाही तर दोन बैठकींत वाचा. हिशेब आला की पेन्सिल हाती घ्या.

आधी हे समजून घेऊ, की दावणीचे कोकरू आणि रानातले कोकरू यांत फरक आहे. रानात चरणारे कोकरू दिवसभर चालते, दहा प्रकारचा पाला खाते, आणि आपल्या पोटाला काय हवे ते आपणच निवडते. आमच्या धनगर बांधवांचे कळप पावसाळा संपला की घाट उतरून कोकणात येतात, ते याच चाऱ्याच्या शोधात. दावणीच्या कोकराला ही सोय नाही. आपण पुढ्यात टाकू तेच त्याने खायचे. याला बंदिस्त पालन म्हणतात. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, इराण अशा देशांत हजारो कोकरे एका वाड्यात कोंडून, मोजून खुराक देऊन वाढवतात. आपल्याकडे राजस्थानात अविकानगर येथे 1962 साली केंद्र सरकारची मेंढी व लोकर संशोधन संस्था निघाली. तिथेही तीन महिन्यांचे, दूध तुटलेले कोकरू सहा महिन्यांचे होईपर्यंत दावणीवर कसे वाढवावे, याचे पुष्कळ प्रयोग झाले. आता चाळीतल्या जिन्याखाली बांधलेला एक बोकड आणि परदेशातला हजार कोकरांचा वाडा, यांत मोठेपणाचा फरक आहे. पण पोटाचा नियम दोघांना एकच.

हा नियम कोणता, ते पाहू.

माणसाला एक पोट. शेळी, मेंढी, गाय, म्हैस यांच्या पोटाचे चार भाग. पहिला भाग सर्वांत मोठा. त्याला कोटीपोट म्हणतात. जनावर चारा भराभर गिळते, तो आधी कोटीपोटात जातो. मग सावलीत बसून ते तोच चारा पुन्हा तोंडात आणते आणि सावकाश चावते. हे रवंथ तुम्ही रोज पाहता.

पण कोटीपोटात आणखी एक गोष्ट चालते, ती डोळ्यांना दिसत नाही. तिथे अतिसूक्ष्म जंतू राहतात. एका थेंबात कोट्यवधी. हे जंतू रोगाचे नव्हेत, उपकाराचे आहेत. कडबा, भुसा, वाळलेले गवत माणसाला पचत नाही. मेंढीलाही स्वतःला पचत नाही! ते जंतू पचवतात. जंतू चाऱ्याच्या काडीला चिकटतात, ती कुजवतात, आणि त्यातून जे निघते त्यावर मेंढी जगते. दह्याचे विरजण जसे दुधावर काम करते, तसेच हे समजा. म्हणून आम्ही वर्गात सांगत असू, की मेंढीला चारा घालायचा म्हणजे आधी तिच्या पोटातल्या जंतूंना चारा घालायचा. जंतू सुखी तर मेंढी सुखी.

आता तेलाकडे वळू. तेल हा वाईट पदार्थ नाही. उलट तो जोरदार आहे. एक ग्रॅम मक्याच्या पिठातून शक्तीचे सुमारे 4 भाग मिळतात, तर एक ग्रॅम तेलातून 9 भाग. म्हणजे तेलात सव्वादोन पट शक्ती. कोकराचे पोट लहान, त्यात जागा थोडी. थोड्या जागेत जास्त शक्ती घालायची तर तेलासारखे दुसरे काही नाही. शिवाय चारा पचताना जनावराच्या अंगात जी ऊब तयार होते, ती तेलाने कमी होते. चैत्र-वैशाखात मुंबईच्या घामट हवेत, पत्र्याखाली बांधलेल्या जनावराला याचा थोडा फायदाच. भरड्याची धूळही तेलाने बसते, मग जनावर शिंकत नाही.

मग अडचण कुठे येते? ती जंतूंपाशी येते.

घरी एक गोष्ट करून पाहा. सुती कापडाच्या दोन चिंध्या घ्या. एक तशीच पाण्यात टाका. दुसरी आधी तेलात बुडवा, पिळा, मग पाण्यात टाका. पहिली लगेच भिजते. दुसरी भिजत नाही, पाणी तिच्यावरून ओघळते. कोटीपोटात तेल फार झाले की चाऱ्याच्या काडीचे असेच होते. काडीवर तेलाचा थर बसतो आणि जंतूंना काडी धरता येत नाही. इतकेच नव्हे, तर सूर्यफूल, सोयाबीन, करडई, जवस यांची पातळ तेले जंतूंना अंगानेही सोसत नाहीत. काही जंतू मरतात. मग चारा न पचता पोटात पडून राहतो. पोट भरलेले वाटते, म्हणून जनावर खाणे सोडते. आपण तेल घातले वजन वाढावे म्हणून, आणि ते लागले घटायला.

इथे कोणी विचारील, "गुरुजी, मेंढीचे दूध तर तुपट असते. ते पिऊन कोकराचे कसे बिघडत नाही?" प्रश्न चांगला आहे. मेंढीच्या दुधात शंभर भागांत सहा-सात भाग स्निग्ध असतात, गाईच्या दुधाहून बरेच जास्त. पण पिणाऱ्या कोकराचे दूध कोटीपोटात जातच नाही. निसर्गाने गळ्यापासून एक पन्हळ करून ठेवली आहे. कोकरू आचळ चोखू लागले की ती मिटून नळीसारखी होते आणि दूध थेट चौथ्या पोटात उतरते. तिथे जंतूंचा संबंध नाही. कोकरू चारा खाऊ लागले, दूध तुटले, की हा रस्ता बंद पडतो. म्हणून पित्या कोकराचा दाखला चरत्या कोकराला लावू नये.

आता माप सांगतो. साऱ्या जगातल्या जाणत्यांचे यावर बहुतेक एकमत आहे. जनावर दिवसाला जेवढा कोरडा माल खाते, त्याच्या शंभर भागांत सगळे मिळून पाच-सहा भागांहून जास्त तेल असू नये. "सगळे मिळून" हे शब्द लक्षात ठेवा. कारण चाऱ्यात आणि धान्यात मुळातच दोन-तीन भाग तेल असते. म्हणजे वरून घालायला जागा उरते ती फार तर तीन भागांची.

हिशेब करू. वीस किलोचे कोकरू दिवसाला सुमारे 800 ग्रॅम कोरडा माल खाते. त्याचे शंभरातले तीन भाग म्हणजे 24 ग्रॅम. आपण हात राखून 20 ग्रॅम धरू. पोहे खायच्या चमच्याने हे चार-पाच चमचे झाले. दिवसभराचे मिळून, एका वेळचे नव्हे. वाटी नव्हे, पळी नव्हे, चमचे.

घाटकोपरचा एक तरुण आमच्या ओळखीचा आहे. रिक्षा चालवतो. त्याने दोन मेंढे पाळले होते, माडग्याळ जातीचे. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याकडची ही जात उंच आणि वाढीला चांगली असते. एक दिवस तो येऊन म्हणाला, "मास्तर, मेंढं खात नाहीत. लेंड्या मऊ पडतात, चिकटतात. पोट मात्र तट्ट."

आम्ही विचारले, "काय घालतोस?"

"भाताचा कोंडा घालतो. शेंगदाण्याची पेंड घालतो. कडबा आहे. आणि सकाळी अर्धी वाटी तेल. चांगलं गोडेतेल, मास्तर! घरातल्यांना नाही मिळत असलं."

त्याच्या मनात खोट नव्हती. पण हिशेब मांडला तेव्हा त्याचेच डोळे उघडले. तो तुम्हीही मांडा. भाताचा ताजा कोंडा, ज्यातले तेल गिरणीने काढून घेतलेले नाही, त्यात शंभरात 15 भागांच्या आसपास तेल असते. 100 ग्रॅम कोंड्यात 15 ग्रॅम. घाणीच्या पेंडीत शंभरात 8 भाग धरा. 100 ग्रॅम पेंडीत 8 ग्रॅम. उरलेला 600 ग्रॅम चारा-भरडा, त्यात आणखी 15 ग्रॅम. बेरीज झाली 38 ग्रॅम. आणि 800 ग्रॅमला आपली हद्द किती? 40 ते 48 ग्रॅम. म्हणजे त्याच्या मेंढ्यांचा खुराक आधीच काठोकाठ भरलेला होता. त्यावर अर्धी वाटी, म्हणजे 50 ग्रॅम तेल! 38 आणि 50 मिळून 88. हद्दीच्या जवळजवळ दुप्पट.

त्याने तेल बंद केले. कोंडा आठ दिवस बंद ठेवला. वाळके गवत आणि पाणी भरपूर दिले. पशुवैद्यालाही दाखवले. चौथ्या-पाचव्या दिवशी मेंढे रवंथ करू लागले. पण जे आठ-दहा दिवस वाया गेले, ते काही परत आले नाहीत. वाढीच्या कोकराला चांगल्या खुराकावर रोज शंभर-दीडशे ग्रॅम वजन चढते. दहा दिवस म्हणजे किलो-दीड किलो.

बहुतेकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट हीच आहे. पेंड म्हणजे काय? तेल काढून उरलेला चोथा. पण तेल सगळे कुठे निघते? बैलाच्या किंवा विजेच्या घाणीत पिळलेल्या पेंडीत शंभरात सहा ते दहा भाग तेल राहते. मोठ्या कारखान्यात रसायनाने तेल खेचून घेतात, त्या पेंडीत फक्त एखादा भाग उरतो. दोन्ही पेंडी दिसायला सारख्या वाटल्या तरी गुणाला वेगळ्या. घाणीची पेंड चिमटीत दाबली की बोटाला तेलकट लागते. कारखान्याची पेंड भुरभुरीत असते. दुकानदाराला विचारून घ्या. सरकी अख्खी घातली तर तिच्यात शंभरात अठरा-वीस भाग तेल असते. मात्र ते बियाच्या आत बंद असते. जनावर चावील तसे हळूहळू सुटते, म्हणून जंतूंना कमी बाधते. म्हशीला सरकी पचते, ती यामुळे. गोरेगावच्या आरे दूध वसाहतीत 1949 पासून तबेले वसले. तिथल्या आणि जोगेश्वरी-अंधेरीकडच्या तबेलेवाल्यांना सरकीचे महत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. तरी लहान कोकराला सरकी जपूनच. तिच्यात एक विषारी अंश असतो, तो मोठ्या म्हशीला सोसतो, कोवळ्या कोकराला नाही.

आता पैशाचा हिशेब. आमच्या मते खरी गोम इथे आहे.

20 ग्रॅम तेलातून जी शक्ती मिळते, तीच 45 ग्रॅम मक्यातून मिळते. हिशेबापुरते धरा, मका 25 रुपये किलो आणि तेल 130 रुपये किलो. 45 ग्रॅम मका पडला 1 रुपया 12 पैशांना. 20 ग्रॅम तेल पडले 2 रुपये 60 पैशांना. नव्वद दिवसांत मक्याचे झाले 101 रुपये, तेलाचे 234 रुपये. एका कोकरामागे 133 रुपये जादा गेले. दहा कोकरे असतील तर तेराशे तीस. मिळाले काय? तेवढीच शक्ती. मक्याचा भाव 25 असेल तर तेल सव्वाछप्पन रुपये किलोच्या आत मिळाले तरच ते परवडेल. तुमच्या बाजारात आज काय भाव आहे तो घाला आणि स्वतः पाहा. रीत सोपी आहे. मक्याच्या भावाला सव्वादोनाने गुणा. तेल त्याहून महाग असेल तर मका घ्या.

मग परदेशात ते तेल का घालतात? तिथे धान्य, तेल आणि मांस यांचे भाव वेगळे. काही ठिकाणी तेल घालण्याचा हेतू वजन हा नसतोच. मांसातली चरबी माणसाच्या हृदयाला कमी बाधक व्हावी, म्हणून जवसाचे, सूर्यफुलाचे तेल घालून ते प्रयोग करतात. तेल घातले की जनावराच्या ढेकरेतून निघणारा वायूही कमी होतो. हा वायू हवा तापवतो, म्हणून त्याचाही तिकडे विचार चालतो. आपल्या जिन्याखालच्या बोकडाला या गोष्टींचा भाव मिळत नाही.

चरबीवरून आठवले. लोक म्हणतात, पातळ तेल चारले तर चरबी पातळ होईल. तसे फारसे होत नाही, आणि त्याचे कारण गमतीचे आहे. मुंबईत शिवडीला 1930 नंतरच्या दशकात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. आपण ज्याला डालडा म्हणतो ते तूप. तिथे पातळ तेलात वायू मिसळून ते घट्ट करत. कोटीपोटातले जंतू नेमके हेच काम करतात, तेही भट्टीवाचून! पातळ तेल त्यांना सोसत नाही, म्हणून ते त्याला घट्ट करून टाकतात. तुम्ही घाला करडई, पोटात त्याचे बरेचसे होते डालड्यासारखे. थोडे तेल तेवढे जंतूंच्या हातून निसटते आणि मांसात उतरते. परदेशातले प्रयोग चालतात ते या थोड्यासाठी.

म्हणून मुद्दाम डालडा विकत आणून चारण्यात काही अर्थ नाही. घट्ट तूप जंतूंना पातळ तेलाइतके बाधत नाही, हे खरे. पण हद्द त्यालाही तीच. आणि जादा शक्ती गेली की ती आधी आतड्यांभोवती चरबी होऊन साठते. खाटीक ती चरबी काढून बाजूला टाकतो. तिचे तुम्हाला कोण पैसे देणार? देवनारला 1971 साली महापालिकेचा मोठा कत्तलखाना सुरू झाला, त्याआधी तो वांद्र्याला होता. ईदच्या दिवसांत देवनारच्या बाजारात राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश इथून लाखावर बकरे येतात. तिथला जाणता गिऱ्हाईक आधी दात पाहतो, मग पाठीच्या कण्यावर आणि मांड्यांवर हात फिरवतो. पोट तो पाहतो, पण फसत नाही.

आता बाजारात एक वेगळी चीज मिळते. तेलातला अंश चुन्याशी बांधून त्याची भुकटी करतात. ही भुकटी कोटीपोटात विरघळत नाही, चौथ्या पोटातल्या आंबट रसातच विरघळते. जंतूंना त्रास नाही आणि जनावराला शक्ती मिळते. दुभत्या म्हशींना ती देतात. दहा-पंधरा लिटर दूध देणाऱ्या म्हशीला परवडते. बोकडाला परवडेल काय, ते वरच्याच रीतीने हिशेब करून ठरवा.

वडे-भज्यांच्या गाडीवरचे जळके तेल स्वस्तात, कधी फुकट मिळते. आम्ही हात जोडून सांगतो, ते जनावराला घालू नका. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात विषारी अंश होतात. म्हणूनच 2018 पासून खाण्याच्या तेलाला सरकारने मर्यादा घातली आहे, की जळण्याने होणारे वाईट अंश शंभरात 25 भागांवर गेले की ते तेल माणसाच्या खाण्यात वापरायचे नाही. जे माणसाला नको ते मेंढराला का?

भाताच्या कोंड्याचेही असेच. तो ताजा असतो तोवर उत्तम. पण त्यातले तेल फार लवकर खवट होते, मुंबईच्या दमट हवेत तर आठवड्याभरातच. नाकाशी धरा. खवट वास आला, जिभेवर कडवट लागला, तर घेऊ नका. महिन्याचे पोते एकदम भरू नका.

पेंडीला बुरशीची भीती जास्त. 1960 साली इंग्लंडात एक लाखाहून जास्त टर्की पक्षी थोड्या महिन्यांत मेले. टर्की म्हणजे कोंबडीसारखा मोठा पक्षी. आधी कोणाला कारण कळेना. मग शोध लागला, की ब्राझील देशातून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत बुरशी होती आणि त्या बुरशीने विष तयार केले होते. हे विष यकृत जाळते. ते शिजवून, वाळवून जात नाही. आपल्याकडे मृगापासून हस्तापर्यंत पोत्यांना ओल चढते. पेंडीवर हिरवट-काळी पूड दिसली, कुबट वास आला, तर तेवढा तुकडा मोडून टाकून बाकीची घालू, असे करू नका. विष डोळ्यांना दिसते तेवढेच नसते. पोती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, भिंतीपासून हातभर दूर.

इतके सांगूनही कोणाला तेल द्यायचेच असेल, घरचे करडईचे किंवा तिळाचे तेल स्वस्त पडत असेल, तर कसे द्यावे?

पहिले, कोंडा किंवा घाणीची पेंड भरपूर चालू असेल तर तेल नकोच. मक्याचा भरडा, तुरीची चुणी आणि कारखान्याची पेंड अशा कोरड्या खुराकावर असेल तरच द्या. दुसरे, पहिल्या दिवशी एक चमचा. मग दर चार-पाच दिवसांनी एक चमचा वाढवत बारा-पंधरा दिवसांनी चार चमच्यांवर या. जंतूंना सवय व्हायला वेळ लागतो. तिसरे, तेल भरड्यात चोळून, सकाळ-संध्याकाळ विभागून द्या. कडब्यावर शिंपडू नका. वाळका चारा आणि पाला कमी करू नका. वड, उंबर, फणस, सुबाभूळ यांचा पाला मिळाला तर उत्तम.

आणि बाटलीने तेल पाजू नका. हे आम्ही दोनदा सांगू. बाटलीने किंवा बांबूच्या नळकांड्याने तेल पाजू नका. मान वर करून ओतले की ठसका लागतो, तेल श्वासाच्या नळीत जाते आणि फुफ्फुसाला सूज येते. तेल फुफ्फुसातून निघत नाही. असे जनावर दोन-चार दिवस धापा टाकते आणि मरते. पोटफुगीवर तेल पाजण्याचा जुना उपाय आहे, आणि फेसाच्या पोटफुगीत त्याचा उपयोगही होतो. पण ते औषध, रोजचा खुराक नव्हे. तेही पशुवैद्याच्या किंवा जाणत्या माणसाच्या हातून व्हावे.

तेल जास्त झाले की चुनाही कमी पडतो. आतड्यात तेलाचा अंश चुन्याला धरून साबणासारखा होतो आणि दोन्ही लेंडीवाटे जातात. म्हणून खनिज मिश्रण द्यावे. ते घेताना एक खबरदारी. गाई-म्हशींच्या मिश्रणात तांबे जास्त असते. शेळीला ते बरेच सोसते, पण मेंढीला तांबे फार बाधते, साठून साठून एक दिवस जीव घेते. मेंढीसाठी वेगळे मिश्रण मिळते, तेच मागा. कोंडा आणि धान्य यांवर वाढलेल्या नराला, विशेषतः खच्ची केलेल्याला, मूतखड्याचा धोका असतो. तो पाय ताणून उभा राहिला, कण्हू लागला, थेंब-थेंब लघवी करू लागला, तर वेळ दवडू नका. मिठाचा खडा गव्हाणीत आणि स्वच्छ पाणी सदैव समोर असू द्या.

जंताचे औषध आणि आंत्रविषाराची लस खुराक वाढवण्याच्या आधी द्यायची असते. आधी खुराक आणि मागाहून लस, हे उलटे झाले. चांगल्या खुराकावरचे धष्टपुष्ट कोकरूच आंत्रविषाराने एका रात्रीत जाते. पशुसंवर्धन खात्याच्या दवाखान्यात चौकशी करा. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, 1886 सालचे. तिथेही जनावरे तपासतात. शेळी-मेंढी पाळण्याची माहिती हवी असेल तर पुण्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे, 1978 साली स्थापन झालेले. पत्र लिहा. आता तुम्हाला लिहिता येते.

शेवटी, तेल जास्त झाले हे ओळखावे कसे? रोज सकाळी लेंड्या पाहा. निरोगी कोकराची लेंडी सुटी, गोल आणि कोरडी असते. ती मऊ झाली, एकमेकीला चिकटली, तुपकट चकाकू लागली, की त्याच दिवशी तेल बंद करा. दुपारी कोकरू बसले असताना घटकाभर त्याच्या जबड्याकडे पाहा. रवंथ चालू असेल तर ठीक. जबडा स्थिर असेल, कान पडले असतील, गव्हाणीत खुराक तसाच असेल, तर धान्य आणि पेंडही थांबवा. फक्त वाळके गवत आणि पाणी समोर ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत रवंथ सुरू झाले नाही तर पशुवैद्याला बोलवा.